हवा, पाणी आणि अकॉर्ड

स्मरणिकेतला 'संस्थेचा इतिहास' कसा असतो, हे आपल्याला पाठ आहे. स्थापनेचा मुहूर्त, संस्थापकांची तसबीर, पायाभरणीला लाभलेले पाहुणे, मग रौप्यमहोत्सव आणि शेवटी ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार. होंडाची अकॉर्ड 2026 च्या मे महिन्यात पन्नाशीची झाली. त्या निमित्तानं आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळानं ही स्मरणिका काढायचं ठरवलं आणि हे प्रकरण माझ्या वाट्याला आलं, तेव्हा मीही तसंच लिहायला बसलो होतो. दोन पानं झाली आणि लक्षात आलं, की या संस्थेचा इतिहास तसा लिहिताच येत नाही. गाडीचं नाव 'अकॉर्ड', म्हणजे सूर जुळणं, एकमत होणं. आणि ती निघाली सतत भांडणाऱ्या माणसांच्या घरातून. ती भांडणं वगळली तर उरतो तो शोरूममधल्या माहितीपत्रकाचा मजकूर. तो छापायला स्मरणिका कशाला हवी?

सोइचिरो होंडा यांचा जन्म 1906 चा, शिझुओका प्रांतातल्या कोम्यो गावचा. वडील गिहेई लोहार होते, पुढे सायकली दुरुस्त करू लागले. पोराचं शाळेशी फारसं जमलं नाही. पंधराव्या वर्षी तो तोक्योतल्या 'आर्ट शोकाई' नावाच्या गॅरेजात कामाला लागला. मोटारींना हात लावायला मिळेल या आशेनं गेला आणि सुरुवातीचे महिने त्यानं मालकाचं मूल सांभाळलं. पुढे स्वतःचा पिस्टन रिंगांचा कारखाना काढला, युद्ध संपल्यावर तो टोयोटाला विकून टाकला आणि ऑक्टोबर 1946 मध्ये हामामात्सु शहरात एका लाकडी शेडवर पाटी लावली: 'होंडा गिजुत्सु केन्क्यूजो'. अर्थ, होंडा तंत्र-संशोधन संस्था. आपल्याकडे दोन खोल्यांच्या शिकवणीवर 'अकॅडमी' अशी पाटी लागते, त्यातलाच हा प्रकार. आत संशोधन चाले ते असं: लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं भंगारात निघाली होती, ती आणून सायकलला जोडायची. पेट्रोलची टाकी म्हणून थंडीत अंथरुणात पाय शेकायला घेतात ती गरम पाण्याची बाटली. लोकांनी हे वाहन रांगा लावून नेलं.

24 सप्टेंबर 1948 ला रीतसर कंपनी झाली आणि पुढच्याच वर्षी ताकेओ फुजिसावा आले. हा माणूस आला नसता तर ही स्मरणिका नसती. होंडांनी यंत्रं बघायची, फुजिसावांनी पैसा आणि विक्री बघायची, अशी वाटणी ठरली. जपानमध्ये सहीच्या जागी शिक्का उठवतात. कंपनीच्या अध्यक्षाचा शिक्का म्हणजे तिजोरीची किल्लीच. होंडांनी तो फुजिसावांच्या हवाली केला आणि स्वतः पांढरा डगला चढवून यंत्रांकडे वळले. डगला पांढराच, कारण त्यावर डाग लपत नाही. कामगार त्यांना पाठीमागे 'ओयाजी' म्हणत. आपल्याकडे घरातल्या कर्त्याला प्रेमानं आणि थोड्या धाकानं 'म्हातारा' म्हणतात, तसं. म्हातारा जमिनीवर उकिडवा बसून खडूनं इंजिनाची आकृती काढायचा आणि भोवती पोरं गोळा व्हायची. चुकलं की शिवी, आणि क्वचित हाती असेल तो पानाही यायचा. याचं कौतुक करावं असं मला वाटत नाही. पण पुढं जे घडलं ते कळायला हवं असेल, तर तो पाना लक्षात ठेवावा लागतो.

फुजिसावांना एक चिंता होती. म्हातारा एकटा आहे. त्याच्यामागे त्याच्यासारखा दुसरा कुठून आणायचा? त्यांचं उत्तर असं, की एक होंडा मिळणार नाही, तेव्हा अनेकांनी मिळून होंडा व्हायचं, आणि त्यासाठी त्यांना कारखान्याच्या कटकटीपासून लांब ठेवायचं. 1 जुलै 1960 ला संशोधन विभाग मूळ कंपनीतून काढून वेगळी कंपनी केली गेली. तिनं विकायचं काहीच नाही; फक्त नकाशे आणि नमुने बनवायचे आणि त्याबद्दल मूळ कंपनीकडून विक्रीतला वाटा घ्यायचा. रचनेसाठी फुजिसावांनी उपमा दिली 'बुन्चिन'ची. जपानी सुलेखनात कागद दाबून धरायला धातूची लांब सपाट पट्टी वापरतात, तिला मधोमध धरायला एक बोंडूक असतं. बोंडूक म्हणजे प्रमुख. बाकी सगळे एका पातळीवर. सरकारी कचेऱ्यांतली साहेब, त्यावर साहेब, त्यावर मोठे साहेब ही उतरंड त्यांना नको होती. कागदावर तरी असं होतं. प्रत्यक्षात बोंडूक इतकं वजनदार होतं, की पट्टी अधूनमधून वाकायची.

मोटारी बनवायला कंपनी उशिरा लागली. त्या वर्षांत जपानचं व्यापार-उद्योग मंत्रालय मोटारउद्योगात नवे भिडू नकोत म्हणून कायदा आणू पाहत होतं. तो मंजूर होण्याआधी आपलं नाव लागावं या घाईनं 1963 मध्ये एक छोटा टेम्पोवजा ट्रक आणि एक दोन आसनी स्पोर्ट्स गाडी बाजारात आली. कायदा शेवटी बारगळला. 1965 मध्ये मेक्सिकोला फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली, 1967 मध्ये एन 360 ही इवलीशी, हवेनं थंड होणारी गाडी आली आणि धडाक्यात खपली. आणि इथून आपल्या मुख्य कथेला सुरुवात होते, कारण एन 360 च्या यशानं म्हाताऱ्याच्या डोक्यात हवा गेली. हे मी विनोदानं म्हणत नाही, अक्षरशः म्हणतो.

इंजिन तापतं, ते थंड करावं लागतं. बहुतेक मोटारींत इंजिनाभोवती पाणी खेळवतात आणि ते रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यानं निववतात. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांना दुसरी रीत माहीत असते: इंजिनाला पत्र्यासारखे पंख, त्यावरून वारा. सोइचिरोंचं म्हणणं असं, की पाणीसुद्धा अखेर हवाच थंड करते. मग मधला दलाल कशाला? तर्क बिनतोड वाटतो. आमच्या वर्कशॉपमध्ये एखादा जुना मिस्त्री असंच काहीतरी छातीठोक सांगायचा आणि त्याला उत्तर देता येत नसे; उत्तर इंजिनच द्यायचं, चार महिन्यांनी.

इथं उत्तर दोनदा आलं. पहिलं फार क्रूर होतं. 7 जुलै 1968 ला फ्रान्समध्ये रुआं इथल्या शर्यतीत होंडानं हवेनं थंड होणारी नवी फॉर्म्युला वन गाडी उतरवली. संघाचा मुख्य चालक जॉन सर्टीस यानं ती चालवून पाहिली होती आणि ती शर्यतीला योग्य नाही, असं सांगून तीत बसायला नकार दिला होता. मग फ्रेंच चालक जो श्लेसर बसला. पावसात, तिसऱ्याच फेरीत गाडी रस्ता सोडून बांधावर आदळली आणि पेटली. सांगाड्यात मॅग्नेशियम होतं. श्लेसर वाचला नाही.

दुसरं उत्तर 1969 मध्ये आलं, 'होंडा 1300' या गाडीच्या रूपानं. तेराशे सीसीत शंभर अश्वशक्ती. त्या काळात ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारावेत असा आकडा. पण तिचं इंजिन थंड ठेवायला दुहेरी भिंतींचं, पंखे-वाऱ्याचं इतकं अवघड बांधकाम करावं लागलं, की ते जड झालं, महाग झालं आणि पुढचं चाक त्या वजनानं कावलं. म्हाताऱ्याचे बदल शेवटच्या दिवसापर्यंत चालूच होते. गाडी बाजारात चालली नाही.

तोवर धुराचा प्रश्न दाराशी आला होता. संशोधन केंद्रात 1966 पासून हवेच्या प्रदूषणावर काम करणारी एक लहान तुकडी होती. त्या पोरांना दिसत होतं, की हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान एकसारखं राहत नाही. चढावर एक, उतारावर दुसरं. तापमान हलतं तसा धूरही हलतो. पाण्याशिवाय धूर आवरणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण हे ओयाजीला सांगायचं कुणी? पाना लक्षात आहे ना?

ते फुजिसावांकडे गेले. यंत्रातलं आपल्याला कळत नाही, असं फुजिसावा आयुष्यभर म्हणत आले. पण माणसांमधलं त्यांना कळत होतं. 1969 च्या उन्हाळ्यात ते सोइचिरोंसमोर बसले आणि हवा-पाण्याचा वाद घातलाच नाही. एवढंच विचारलं, की तुम्ही या कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार, की इंजिनिअर म्हणून? दोन्हींपैकी एक निवडा. सोइचिरो थोडा वेळ गप्प बसले आणि अध्यक्षच राहिलं पाहिजे म्हणाले. मग पोरांना पाण्याचं इंजिन करू द्याल ना? देईन, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले आणि परवानगी दिली. माझ्या मते या संस्थेची खरी स्थापना 1946 मध्ये नाही, 1960 मध्येही नाही. ती या भेटीत झाली. आपल्याच घरात आपण हरलो हे मान्य करून दुसऱ्या दिवशी कामावर येणारा संस्थापक मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांचे, सहकारी कारखान्यांचे इतिहास वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात तुलना करावी; मी नावं घेत नाही.

1970 च्या डिसेंबरात अमेरिकेत मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की यांच्या पुढाकारानं हवाशुद्धीचा कायदा कडक झाला. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन 1975 च्या मॉडेलपर्यंत नव्वद टक्क्यांनी कमी करायचे, नायट्रोजनचे ऑक्साइड त्यानंतरच्या वर्षी. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी हे अशक्य आहे म्हणून हात वर केले. होंडा तेव्हा मोटारींच्या धंद्यात किरकोळ दुकानदार. तिनं फेब्रुवारी 1971 मध्ये तोक्योत जाहीर करून टाकलं, की आम्ही हे करून दाखवू. काम पुरं झालं नव्हतं. पण एकदा बोललं की माघार नाही, हा हिशोब.

त्यांनी जे केलं ते समजायला सोपं आहे. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, म्हणजे आमच्या भाषेत मिक्स्चर 'लीन' ठेवलं, तर धूर कमी होतो. पण असं पातळ मिश्रण प्लगच्या ठिणगीनं नीट पेट घेत नाही, गाडी मिसिंग मारते. घरी बंब पेटवलेला असेल त्याला ठाऊक आहे, की ओलसर लाकडाला थेट काडी लावून उपयोग नसतो. आधी रद्दीचा नि करवंटीचा जाळ करायचा, मग तो लाकूड धरतो. तसंच इथं. सिलिंडरच्या डोक्यावर एक चिमुकली वेगळी खोली, तिला स्वतःचा तिसरा व्हॉल्व्ह. तीत थोडं दाट मिश्रण सोडायचं, ठिणगी तिथं टाकायची. तो जाळ एका भोकातून मोठ्या खोलीत शिरतो आणि तिथलं पातळ मिश्रण सावकाश, शेवटपर्यंत जाळतो. फार तापत नाही म्हणून नायट्रोजनचे ऑक्साइड कमी. सावकाश जळतं म्हणून अर्धवट काही उरत नाही. धूर बाहेर पडल्यावर तो धुवायची यंत्रणा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लावायची गरजच नाही. नाव ठेवलं सीव्हीसीसी. पेटंटं व्हायची होती, म्हणून नावावरून आतलं काही कळू नये अशी खबरदारी घेतली होती. तासुकु दाते आणि शिझुओ यागी ही दोन नावं या कामाशी कायमची जोडली गेली आहेत.

डिसेंबर 1972 मध्ये ॲन आर्बर इथल्या सरकारी प्रयोगशाळेत या गाड्या तपासल्या गेल्या. त्यातली एक पन्नास हजार मैल पळून आलेली होती. सगळ्या पास. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारनं देशी कंपन्यांना एक वर्षाची मुदतवाढ दिली. आणि ज्यांना मुदत नकोच होती त्यांनी एक शेवरले इम्पाला, पावणेसहा लिटरची आठ सिलिंडरची अजस्र गाडी, जपानला नेली. तिच्या इंजिनाला सीव्हीसीसीचं डोकं बसवलं, ती परत ॲन आर्बरला आणली आणि तीही 1975 च्या नियमांत बसवून दाखवली. ही खोडी होती. चांगली खोडी होती. टोयोटा, फोर्ड, क्रायस्लर आणि इसुझू यांनी परवाना घेतला.

याच दिवसांत आणखी एक भांडण झालं, आवाज न करता. सोइचिरो म्हणत होते, की आता आपण अमेरिकेतल्या बड्या तीन कंपन्यांच्या बरोबरीला आलो, ही आपली संधी. प्रयोगशाळेतल्या तरुणांना हे आवडलं नाही. आम्ही हे कंपनीसाठी करत नाही, म्हणाले. आमची मुलं ज्या हवेत श्वास घेणार तिच्यासाठी करतो आहोत. म्हाताऱ्याला हे लागलं. आपण फक्त कंपनीचा विचार करायला लागलो, म्हणजे आपली वेळ झाली, असं त्यांनी मनाशी घेतलं. इकडे फुजिसावांनी निवृत्त व्हायचं ठरवलंच होतं; ते कळताच सोइचिरोंनी आपणही त्यांच्याबरोबरच निघू म्हणून सांगितलं. ऑक्टोबर 1973 मध्ये दोघं एकत्र बाहेर पडले. निरोपाच्या वेळी दोघांचं बोलणं झालं ते फार थोडं: ठीकठाक झालं म्हणायचं, असं काहीतरी. खुर्ची पंचेचाळीस वर्षांच्या कियोशी कावाशिमांकडे गेली. मुलं, भाऊ, पुतणे यांतलं कुणी नाही.

सोइचिरो मग देशभरच्या डीलरांना, कारखान्यांना भेटत हिंडले. सातशेच्या आसपास ठिकाणं झाली. एका ठिकाणी एक मेकॅनिक हात पुढं करताना थबकला, हाताला ऑइल होतं म्हणून. म्हाताऱ्यानं तोच हात घट्ट धरला आणि नंतर स्वतःच्या तळव्याचा वास घेतला.

याच सुमाराला अरबांनी तेलाची तोटी आवळली. जगभर लहान गाड्यांची विचारणा सुरू झाली आणि 1972 मध्ये आलेली सिव्हिक योग्य वेळी योग्य जागी उभी होती. पण सिव्हिक घेणारा तरुण दोन-चार वर्षांत लग्न करतो, मूल होतं, सासू गावाहून येते. त्याला थोडी मोठी, थोडी शांत, महामार्गावर दिवसभर चालवली तरी अंग न आंबवणारी गाडी हवी. ती आपल्याकडे नसेल तर तो दुसऱ्याच्या दारात जाणार. आधी लांब बोनेटची, सहा सिलिंडरची दणकट गाडी करायचं चाललं होतं; तेलाच्या भावानं आणि धुराच्या नियमांनी ते मागं पडलं. सिव्हिकचाच पाया ओढून लांब केला गेला. पाण्याचं इंजिन, आडवं बसवलेलं, पुढच्या चाकांना गती. 1599 सीसी, सीव्हीसीसी. लांबी 4125 मिलिमीटर, दोन चाकांमधलं अंतर 2380. वजन नऊशे किलोच्या आसपास. 7 मे 1976 ला ती जपानमध्ये आली तेव्हा तिला दोन दारं आणि मागं वर उघडणारं एक तिसरं होतं. चार दारांची सेडान पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आली.

आज या आकड्यांकडे पाहिलं तर ती आपल्या रस्त्यांवरच्या साध्या हॅचबॅकहून फार मोठी वाटणार नाही. मोठेपण आत होतं, आणि ते मी हात लावून पाहिलं आहे. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत होता. 1986 साली मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच्याकडे पहिल्या पिढीतली, वापरलेली घेतलेली अकॉर्ड होती. मी सवयीनं आधी बोनेट उघडलं आणि हबकलो. इंजिन दिसेचना; त्यावर काळ्या रबरी व्हॅक्यूम नळ्यांचं जाळं, जणू कुणी शेवयांचं पातेलं उपडं केलं होतं. कार्ब्युरेटरला दोन नाही, तीन कंठ, तिसरा त्या चिमुकल्या खोलीसाठी. मग आत बसलो. रेव्ह काउंटर, कापडी सीट, थांबत-थांबत फिरणारे वायपर, रेडिओ, सगळं गाडीबरोबरच आलेलं, वेगळे पैसे न मोजता. डिकी चालकाच्या जागेवरून उघडता येत होती. सुट्या नाण्यांसाठी एक छोटा खण. आणि मीटरपाशी गाडीचं एक चित्र: दार नीट लागलं नसेल किंवा मागचा दिवा गेला असेल तर चित्रात तेवढा भाग पेटायचा.

पण मी खिळलो ते तीन चिमुकल्या खिडक्यांवर. ऑइल बदलणं, ऑइल फिल्टर बदलणं, टायर अदलाबदल करणं, अशा तीन कामांच्या त्या खिडक्या. मैल वाढत जातात तसा हिरवा रंग सरकत पिवळा होतो, मग लाल. काम झालं की शेजारच्या खाचेत गाडीचीच किल्ली घालायची आणि खिडकी पुन्हा हिरवी. इलेक्ट्रॉनिक काही नाही, घड्याळासारखी दातेरी चाकं. आपल्याकडे सर्व्हिसिंगची तारीख दाराच्या कडेला कागद चिकटवून लिहीत. आणि इथं 1976 मध्ये कुणीतरी बसून विचार केला होता, की या गाडीचा मालक विसरभोळा असू शकतो, आणि त्यात त्याचा अपमान होऊ नये. गाडीला संसारी म्हणतात ते या अर्थानं.

अमेरिकेत किंमत 3995 डॉलर होती. मागणी एवढी, की नंबर लावावे लागत आणि काही डीलर वर पैसे घेत. दोषही होते, ते लपवायचं कारण नाही. बर्फाळ राज्यांत रस्त्यांवर मीठ पसरतात. त्या मिठानं सत्तरच्या दशकातल्या होंडांची पुढची मडगार्डं खाल्ली, आणि कंपनीला हजारो गाड्यांची मडगार्डं बदलून द्यावी लागली. होंडाचा स्वतःचा दोन गिअरचा अर्ध-ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही पिकअपच्या बाबतीत फार थंड होता. पण तो इतरांच्या पेटंटांच्या वाटेला न जाता स्वतःच्या बुद्धीनं केला होता, एवढा मान त्याला द्यायला हवा.

पुढचं झपाट्यानं सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. ओहायोतल्या मेरीझव्हिल गावी 1979 मध्ये मोटारसायकली बनू लागल्या. 1 नोव्हेंबर 1982 ला तिथूनच करड्या रंगाची एक सेडान बाहेर पडली, अमेरिकेत बनलेली पहिली अकॉर्ड. ती आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात ठेवलेली आहे, फोर्डच्या घरात! 1988 पासून ओहायोत बनलेल्या दोन दारी अकॉर्ड उलट जपानला जाऊ लागल्या. 1989 मध्ये अकॉर्ड अमेरिकेतली सर्वांत जास्त खपणारी गाडी ठरली.

त्याच वर्षी सप्टेंबरात चौथी पिढी आली, आणि तिच्याजवळ थोडं थांबलं पाहिजे. तिसऱ्या पिढीचं सूत्र होतं, माणसाला जागा जास्तीत जास्त, यंत्राला कमीत कमी: बोनेट खाली, काचा मोठ्या, चहूकडचं दिसणारं. ते गाजलं होतं. 1986 च्या सुमारास पुढच्या गाडीची बोलणी सुरू झाली तेव्हा तेच पुढं ओढायचं की नवं काही, यावर खल झाला. होंडात अशा बैठकीला 'वाइगाया' म्हणतात. जपानीत तो गलबल्याचा आवाज आहे, आपल्या 'कलकलाटा'सारखा. हुद्दा दाराबाहेर ठेवायचा आणि आत वाट्टेल ते बोलायचं. त्या कलकलाटातून जे निघालं ते कुठल्याही अभियंत्याच्या वहीत न शोभणारं होतं: ही गाडी म्हणजे सूट घातलेला रग्बी खेळाडू. वरून सभ्य, आत दमदार. मग त्या खेळाडूचा एकेक गुण घेऊन त्याचे नट-बोल्ट करायचे. मनमोकळा आहे, म्हणून काचा मोठ्या. दमदार आहे, म्हणून वळणावर गाडी हलता कामा नये. सहवासात थकवत नाही, म्हणून आवाज आणि कंप कमी. शेवटचा गुण होता 'कायम प्रेम'. त्याचा अनुवाद यंत्रात कसा करायचा यावर बरंच डोकं खाल्लं गेलं असणार. किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो या अभ्यासकांनी या पिढीच्या घडणीचा बारकाईनं अभ्यास करून ठेवला आहे, म्हणून आपल्याला हे ठाऊक. स्पर्धक सहा सिलिंडरकडे वळत असताना होंडा चारवरच अडून राहिली, अमेरिकेत 2.2 लिटरचं इंजिन दिलं आणि त्याचा कंप मारायला आत उलट फिरणारे तोलदंड बसवले. इथंही मतभेद होते. पण कावाशिमांनंतरचे अध्यक्ष तादाशी कुमे स्वतः इंजिनवाले. पाण्याच्या बाजूनं उभे राहिलेल्या पिढीतले.

आपल्या भागाशी या संस्थेचं नातं अकॉर्डमुळे नाही, स्कूटरमुळे जुळलं. 1984 मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकशी होंडानं करार केला आणि पीथमपूरच्या कारखान्यातून कायनेटिक होंडा येऊ लागली. गिअर नाहीत, किक मारायची नाही, बटण दाबलं की सुरू. आमच्या वाड्यातल्या वहिनींनी ती चालवायला घेतली तेव्हा कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला होता, की ही गाडी बाईमाणसाला कुणाचं तोंड बघायला लावत नाही. 1998 मध्ये ते नातं संपलं. अकॉर्ड भारतात आली ती 2001 मध्ये, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात जुळवलेली. तोवर ती सहाव्या पिढीत गेली होती आणि चांगली लठ्ठ झाली होती.

1988 च्या डिसेंबरात फुजिसावा गेले. पुढच्या वर्षी सोइचिरोंना अमेरिकेच्या मोटार-मानकऱ्यांच्या दालनात जागा मिळाली, जपान्यांत पहिले तेच. पदक घेऊन परतल्यावर ते फुजिसावांच्या घरी गेले आणि देव्हाऱ्यातल्या त्यांच्या तसबिरीपुढं ठेवलं. ऑगस्ट 1991 मध्ये ते स्वतः गेले. कंपनीतर्फे अंत्यविधी करू नका असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. मोटारी बनवणाऱ्यानं रस्ते तुंबवू नयेत.

फुजिसावांनी वेगळी काढलेली ती संशोधन कंपनी साठ वर्षं वेगळी राहिली. 1 एप्रिल 2020 ला मोटारींचा विकास पुन्हा मूळ कंपनीत सामावून घेतला गेला. वेगळं चूल-बिऱ्हाड परवडत नाही, हे त्यामागचं कारण. बॅटरीच्या काळात कदाचित खरंही असेल. वाइगायाची खोली कुणाच्या हद्दीत आली, हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही. पहिली अकॉर्ड जिथं बनली त्या सायामाच्या कारखान्यातलं मोटारींचं उत्पादन 2021 च्या अखेरीस थांबलं. मार्च 2024 मध्ये अकरावी अकॉर्ड जपानमध्ये विक्रीला आली, ती थायलंडहून, जहाजानं.